जानकीच्या रकान्यातले दोन शब्द

आपण सुटलो म्हणून हायसं वाटून घ्यायचं की रडायचं, हेच क्षमाला कळेना. मालाडच्या त्या खाजगी विद्यापीठाने एका सोमवारी त्रेसष्ट कर्मचाऱ्यांना घरी बसवलं. परीक्षा विभागातले सहाजण गेले, उरली एकटी क्षमा. गेलेल्यांत जानकीही होती. एकोणीस वर्षं दोघींची टेबलं शेजारी होती, डबा एकत्र होता.

हायसं वाटलंही असतं, पण मधे तो तक्ता होता ना! महिन्यापूर्वी साहेब म्हणाले होते, "क्षमाताई, विभागात कोण काय करतं, जरा लिहून द्या." बाईंना वाटलं, कौतुक होणार. खुळीच म्हणायची! हौसेने रकाने आखून तिने एकेकाचं काम लिहिलं. गुणपत्रिका, हॉलतिकिटं, फेरतपासणी. जानकीचं मात्र असं एक काम नव्हतंच. जिथे अडेल तिथे जानकी. खिडकीशी रडत आलेल्या पोरीला पाणी देऊन तिचा हरवलेला निकाल शोधणारी जानकीच. एवढं सगळं रकान्यात मावेना, म्हणून क्षमाने लिहिलं, 'सर्वांना मदत'.

त्यामुळेच गेली का ती? पण ज्यांच्यासमोर ओळभर कामं होती, तेही गेलेच की. मग तक्त्याचा काय संबंध? आणि संबंध नसेल, तर आपण कशा उरलो? साहेबांना विचारावं, तर त्रेसष्टांत साहेबही होते. क्षमाचं डोकं नुसतं भणाणून गेलं.

रविवारी जानकी दिंडोशीहून क्षमाच्या बोरिवलीच्या घरी आली. येताना कुळथाचं पीठ घेऊन आली.

"मेल्यांनी तुला तरी ठेवलं गं. जिवाला बरं वाटलं," ती म्हणाली. आता सांगून टाकावं, असं क्षमाने ठरवलं, पण उठून ती पिठासाठी डबाच शोधू लागली.

तेवढ्यात जानकीने पर्समधून कोरा कागद काढला. "आमच्या इथल्या क्लासमध्ये जागा आहे. इतकी वर्षं काय काम केलं, ते अर्जात लिहायचंय. तुझं लिहिणं छान, तूच लिही ना."

क्षमाने पेन उघडलं. "काय लिहू?"

"लिही की, सगळ्यांना मदत करायचे."

"ते नको!" क्षमा जवळजवळ ओरडलीच.

जानकी बावरून तिच्याकडे बघत राहिली. "का गं? तेच तर करत होते ना मी?"