बैलाशी बोलायची रीत

माझी धाकटी जाऊ दैवशाला अंकुशनगरच्या कारखान्याला बैलगाडीनं ऊस न्यायची. आता स्कूटी शिकून राह्यली, पण "मला न्हाई जमत" हेच तोंडात. माझ्या लेकीनं तिला रोज आरशापुढं "मला जमतंय" म्हणायला लावलं. एका जागी उभी राहील तर शपथ! पदर पिळायची, दाराकडं बघायची, मंग चिडायची, "कशाला खोटं बोलायला लावता?"

काल कालव्याच्या चढावर स्कूटी अडखळली. मागं बसलेली मी ओरडले. तिनं मात्र, भरल्या गाडीच्या बैलाला म्हणायची तसंच म्हणलं, "चल माझ्या राजा, जमतंय तुला!" आणि स्कूटी चढून गेली.

वर थांबून म्हणाली, "जाऊबाई, बैलाला कधीच म्हणले न्हाई, तुला जमत न्हाई म्हणून. जल्मभर मलाच म्हणत आले."