कँटीनने मंजूर केलेल्या रजा

चाकणच्या एका कारखान्यात मी सॉफ्टवेअर लिहायचे. तिथला रजेचा प्रोग्रॅम माझा, आणि त्याचा मला भारी माज होता. कामगाराने अर्ज टाकायचा, सुपरवायझर आणि प्रॉडक्शनच्या साहेबांनी हो किंवा नाही दाबायचं. मग प्रोग्रॅम एकच हाळी द्यायचा, 'याला सोडायचं का?', आणि यादीतले सगळे आपापलं उत्तर परत करायचे. आमच्या भाषेत ती हाळी म्हणजे इव्हेंट आणि ती यादी सांभाळणारा डेलिगेट.

पुढे कँटीनवाल्यांनी कुरकुर केली, माणसं रजेवर आणि जेवण वाया. म्हणून कँटीनचंही नाव मी यादीच्या शेवटी घातलं. त्याला नुसतं एक ताट कमी करायचं होतं, पण उत्तर काहीतरी देणं भाग होतं. मी 'हो' लिहून मोकळी झाले.

आता अशा हाळीला दहा जणांनी उत्तरं दिली तरी हातात फक्त शेवटच्याचं राहतं, बाकीची वाऱ्यावर जातात. हे मी पुस्तकात वाचलं होतं. वाचलं होतं हो, पण लक्षात कोण ठेवतं!

सोमवारी अकराला साहेब तणतणत आले. "वेल्डिंगची अर्धी लाइन रिकामी! मी सगळ्यांना नाही म्हटलंय. मंजूर कुणी केलं?"

मी पाहिलं आणि हसू दाबता दाबता माझी पुरेवाट झाली. सगळ्यांच्या रजा कँटीनने मंजूर केल्या होत्या.

दुरुस्ती दहा मिनिटांची होती. एकेकाला वेगळं विचारायचं, एकानेही नाही म्हटलं की रजा रद्द. पण रजा मिळालेल्यांत लातूरचा एक वेल्डर होता. मागच्याच आठवड्यात जेवणाच्या रांगेत तो मला म्हणाला होता, "मॅडम, पोरगी बघायला जायचंय. रजा न्हाई म्हणून दोनदा तारीख मोडली. आता गेलो न्हाई तर ते लोक दुसरीकडं देतेत." तो अर्धा दिवस भरून दोनच्या एसटीने निघणार होता. मी लगेच दुरुस्ती केली असती तर त्याला गेटवरच अडवलं असतं.

"चार वाजतील, साहेब," मी म्हटलं. खोटं बोलताना माझा चेहरा फार प्रामाणिक होतो. मग मी तासन्‌तास काहीबाही टाइप करत बसले आणि पुसत बसले. साहेब दोनदा मागे येऊन उभे राहिले. "खोलवरचं आहे," मी सांगितलं.

चारला दुरुस्ती झाली. आता प्रत्येक नावापुढे सगळ्यांची उत्तरं आणि रजेचं कारण दिसत होतं. वेल्डरच्या नावापुढे नाही, नाही, हो.

"लाव याला फोन. बोलाव परत," साहेब म्हणाले.

मी स्पीकर लावला.

"मॅडम, गाडीत बसलोय," पलीकडून आवाज आला. "साहेब न्हाई म्हणले का? माघारी येऊ का?"

साहेब पुढे वाकले. त्यांनी आजवर एकाचंही कारण वाचलं नव्हतं, कारण त्यासाठी पान खाली सरकवावं लागायचं. आता ते स्क्रीनवर वाचत होते, ओठ हलवत.

"पेढे घेतल्याशिवाय परत येऊ नकोस!" ते फोनमध्ये ओरडले आणि त्यांनीच तो बंद केला.



"दहा मिनिटांचं काम होतं ना हे?" माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं.

"हो."

"बरं. तुझा दिवाळीच्या रजेचा अर्ज उघड."

त्यातलं कारण त्यांनी पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत वाचलं. मग शांतपणे नाही दाबलं.