चौकात थांबलेले पथक

शनिवार, १४ जून २०२५. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी पथकाच्या चिटणिसाने माझ्या खांद्यांवर शाल घातली, हातात नारळ दिला आणि मला संचलनातून काढून टाकले.

अर्थात हे शब्द त्याने वापरले नाहीत. तो म्हणाला, "काका, आज तुमचा मान. तुम्ही गाडीत बसायचं." गाडी म्हणजे मोटारीमागे जोडलेला एक उघडा ट्रेलर. त्याला कापडी झेंडूच्या माळा बांधल्या होत्या आणि मधोमध प्लास्टिकची खुर्ची ठेवली होती. पथक चालणार, वाजवणार, आणि मी खुर्चीत बसून लोकांना हात करणार. टाळ्या झाल्या, फोटो झाले. आपल्या लोकांत एखाद्याला बाजूला करायचे असेल तर त्याच्याशी कोणी भांडत नाही, त्याचा सत्कार करतात. मी हे आयुष्यभर इतरांच्या बाबतीत पाहिले होते.

माझी इच्छा एकच होती. इथल्या एका डच गावच्या उन्हाळी मिरवणुकीचा दोन किलोमीटरचा रस्ता पथकाच्या पुढे, पावलात, एकदाही न थांबता चालायचा. सप्टेंबरात माझ्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली होती. त्यानंतर ड्रम गळ्यात अडकवून चालता येणार नाही, असे डॉक्टरने स्पष्ट सांगितले होते. म्हणजे हे संचलन माझे शेवटचे होते. चिटणिसाला हे ठाऊक होते. गुडघ्याचे कारण पुढे करूनच त्याने ती खुर्ची आणली होती.

पथक नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या मराठी मंडळींचे. बहुतेक जण चिप आणि यंत्रे बनवणाऱ्या कंपन्यांत इंजिनिअर. बावीस ढोल, सहा ताशे, चार ध्वज. वाजवणे त्यांना येत होते. डच मिरवणुकीचे निमंत्रण आल्यावर त्यांच्या लक्षात आले की तिथली सगळी पथके रांगेत, पाऊल मिळवून चालतात आणि आपल्याला ते अजिबात येत नाही. माझी सून एक ध्वज धरते. तिने सांगितले की आमचे बाबा तरुणपणापासून बँडमध्ये चालत आले आहेत. मी मुलाकडे जवळच न्यूनेनला राहायला येऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती, आणि मला काम नव्हते.

जानेवारीपासून दर रविवारी आम्ही एका क्रीडागृहात सराव केला. पहिल्या दिवशी अर्धे लोक मोजे घालून आले, कारण लाकडी जमिनीवर बूट चालत नाहीत असे त्यांनी परस्पर ठरवले होते. मी त्यांना परत पाठवले आणि स्वच्छ तळव्यांचे बूट आणायला सांगितले.

"काका, आम्ही मिलिटरीत भरती नाही झालोय, वीकेंडला आलोय!" एक ताशेवाला म्हणाला.

"सोमवार ते शुक्रवार मॅनेजर, रविवारी काका," दुसरा म्हणाला. सगळे हसले. मी हसलो नाही. मी डाव्या पायापासून सुरुवात केली.

ध्वज धरणाऱ्या चौघींना वेगळे शिकवावे लागले. त्यांना ध्वज नाचवण्याची सवय होती. ध्वज गरगर फिरवायचा, वाकवायचा, पुन्हा उंच फेकल्यासारखा उचलायचा. मी ते बंद केले. काठी कमरेच्या पट्ट्यातल्या खोबणीत, उजवा हात हनुवटीच्या उंचीवर, नजर समोर. त्या चौघी शिकल्या. त्यांनी प्रश्न कमी विचारले आणि चुका कमी केल्या.

बाकीच्यांना एक गोष्ट दर रविवारी सांगितली. चौकात थांबायचे नाही. आपल्याकडे पथक चौकात थांबते, रिंगण करते, ताशा चढत जातो, लोक गोळा होतात, आणि तोच त्या दिवसाचा सर्वोत्तम भाग मानला जातो. इथे तसे नाही. इथे आपल्या मागे तीस पावलांवर दुसरा बँड असतो आणि त्याच्या मागे तिसरा. एक थांबला की सगळे अडकतात. "थांबायचे नाही," एवढेच मी म्हणायचो. "हो काका," ते म्हणायचे.

तर, शाल. ती मी काढली, घडी घातली, ट्रेलरवरच्या खुर्चीत ठेवली आणि वर नारळ ठेवला. "खुर्चीचा सत्कार झाला," मी म्हणालो. "माझा ड्रम द्या."

चिटणीस चाळिशीचा, पुण्याचा, गोड बोलणारा माणूस. त्याने माझ्या दंडावर हात ठेवला आणि हसून म्हणाला, "तुम्हाला कोण अडवणार! आम्ही बापडे यूट्यूबवर बघून शिकतो. तुमच्या तर रक्तातच आहे वाजवणं."

मी त्याच्याकडे पाहिले. त्याला वाटले, मला नीट ऐकू आले नाही. म्हणून त्याने ते पुन्हा सांगितले, मोठ्याने.

"रक्तात नाही," मी म्हणालो. "सहा महिने लाकडी फळीवर शिकलो."

"अहो, कॉम्प्लिमेंट आहे ती, काका!"

"बाबा," सून मागून हळूच म्हणाली, "निघायची वेळ झाली. नंतर बोला."

माझे आजोबा हलगी वाजवायचे. त्यांना त्याची आवड होती की नव्हती, हे कोणी त्यांना विचारले नाही. गावकीचे काम होते ते. दवंडी असो, लग्न असो, मयत असो, बोलावणे आले की जायचे, अनवाणी, चौकात उभे राहायचे आणि पाटलाने हात वर करेपर्यंत वाजवायचे. माझ्या वडिलांनी गाव सोडले आणि नागपूरला गिरणीत लागले. घरात वाद्य आणायचे नाही, असा त्यांचा नियम होता. आम्ही बौद्ध झालो होतो. जुने सगळे मागे टाकायचे होते, आणि त्यात हलगी पहिली होती.

मग वस्तीतल्या तरुणांनी चौदा एप्रिलच्या मिरवणुकीसाठी बँड काढला. निळ्या टोप्या, पांढरे हातमोजे, चार साइड ड्रम, एक मोठा ड्रम, पुढे ध्वजाची तुकडी. शिकवायला लष्करी बँडमधून निवृत्त झालेले एक नाईक होते. ते पहिले सहा महिने ड्रमला हात लावू देत नसत. फळीवर काड्या, आणि तोंडाने आकडे. चुकलो की पुन्हा एकपासून. मी सोळा वर्षांचा होतो. वडिलांना विचारायची हिंमत नव्हती, म्हणून महिनाभर लपवले. एक दिवस त्यांना कळलेच.

ते म्हणाले, "पायात बूट असतील तर वाजव. आणि कुणासाठी थांबू नको."

त्यांनी स्वतः बूट आणून दिले. एक माप मोठे होते. पुढे कापूस घालून मी ते दोन वर्षे वापरले. नोकरी आयुध निर्माणीत फिटर म्हणून केली, पण दर वर्षी त्या दिवशी मी रांगेत होतो. यात रक्ताचा काय संबंध? रक्तात होते ते वडिलांनी मोडून काढले. मी जे वाजवतो ते शिकलेले आहे.

हे सगळे मी त्या पार्किंगच्या जागेत चिटणिसाला सांगितले नाही. ड्रम गळ्यात अडकवला आणि जागेवर उभा राहिलो.

आमच्या मागचा बँड डच होता, लाल कोटांचा, साठेक माणसांचा. त्यांचा पुढे चालणारा ड्रमवाला माझ्याच वयाचा असावा. त्याने माझ्या ड्रमचा पट्टा पाहिला, वाकून त्याची कडी पाहिली आणि डचमध्ये काही विचारले.

"किती वर्षं वाजवताय, विचारतोय," सून म्हणाली.

"चोपन्न."

त्याने स्वतःकडे बोट दाखवले आणि एकावन्न सांगितले. मग टोपीला हात लावला. बोलणे एवढेच झाले.

ट्रेलर पार्किंगमध्येच सोडून साडेदहाला निघालो. पुढे मी, माझ्या मागे एका रांगेत चार ध्वज, मग ताशे, मग ढोल. पहिला एक किलोमीटर पथक जसे चालले तसे मी सरावात एकदाही पाहिले नव्हते. पावले मिळाली होती. मागे न पाहता ते कळते. बावीस ढोलांचा ठोका डाव्या पायावर पडत होता आणि रस्त्यातून तळव्याला लागत होता. गुडघा दुखत होता. मी त्याची नोंद घेतली आणि पुढे चालत राहिलो.

मग चर्चपुढचा चौक आला. दोन्ही बाजूंना गर्दी, वर धरलेले मोबाइल. चौकाच्या अलीकडेच ताशा चढू लागला. मी माझी लय सोडली नाही, पण एकट्या साइड ड्रमने सहा ताशे आवरत नाहीत. नंतर शिट्टी ऐकू आली. चिटणिसाची. रिंगणाची शिट्टी.

चालणारा आवाज पाठीवर येतो. थांबलेला आवाज मागे पडू लागतो. दहा पावलांत मला कळले की ढोल थांबले आहेत.

"बाबा," सून मागून म्हणाली. तिने मान वळवली नव्हती, आवाजावरून कळत होते. "ते थांबलेत. थांबायचं?"

"चल."

"सगळे मागे आहेत, बाबा."

"डावा. डावा. चल."

चौघी आल्या. एकीचेही पाऊल चुकले नाही. उरलेला रस्ता आम्ही पाच जण चाललो. एक ड्रम, चार ध्वज, आणि मागे रिकामा डांबरी रस्ता. मोकळ्या जागी वारा होता. काठ्या वाकत होत्या आणि चौघी त्यांना दंडाच्या जोरावर सरळ धरत होत्या. लोकांना काय चालले आहे ते कळत नव्हते. काही जण आमच्या मागे आणखी कोणी येते का ते वाकून पाहत होते. मला इतका राग आला होता की काड्या हातातून निसटतील असे वाटले. निसटल्या नाहीत.

ढोल चौकात सात मिनिटे उभे होते, हे शेवटच्या मैदानावर कळले. मागचा लाल कोटांचा बँड तितका वेळ कदमताल करत राहिला, म्हणजे जागच्या जागी पाय उचलत. त्यांच्या मागे मिरवणूक साचत गेली. पिवळ्या जाकिटातला एक स्वयंसेवक धावत आला, तेव्हा ढोलवाल्यांना वाटले तो व्हिडिओ काढायला आला आहे.

शेवटच्या मैदानावर ते आले ते घामाघूम आणि खुश.

"काय क्राउड होता, काका! मिस केलंत तुम्ही," ताशेवाला म्हणाला.

चिटणीस मात्र हसत नव्हता. "काका, तुम्ही पथक सोडून पुढे गेलात. हे बरोबर नाही झालं."

"पथक पुढे गेले. तुम्ही मागे राहिलात."

"बावीस ढोल मागे असताना पाच माणसं म्हणजे पथक?"

"पाच चालत होते."

"टीमवर्क म्हणून काही असतं की नाही?" ताशेवाला म्हणाला. "लोक एन्जॉय करत होते. दोन मिनिटं थांबलो तर काय बिघडलं?"

"सात," मी म्हणालो. "तुमच्या मागे साठ माणसे सात मिनिटे जागेवर पाय आपटत होती. ती कोणाच्या टीममध्ये होती?"

"एवढा इगो बरा नाही या वयात," चिटणीस म्हणाला. या वेळी 'काका' म्हणाला नाही.

उत्तर होते, पण ते रक्ताच्या गोष्टीपासून सुरू करावे लागले असते, आणि तिथे उन्हात, कागदी कपातून ताक पिणाऱ्या तीस माणसांत, मला ते सुरू करायचे नव्हते. आज वाटते, चूक माझीही होती. पाच महिने मी त्यांना 'थांबू नका' एवढेच सांगितले. का, ते सांगितले नाही. हुकूम दिला की पुरे, असे नाईकांनी आम्हाला शिकवले होते, आणि कारण सांगणे मला कमीपणाचे वाटत होते. पण म्हणून माझा राग कमी होत नाही. ज्यांना कोणी कधी चौकात उभे केले नाही, त्यांनाच चौकात उभे राहण्याची हौस असते.

मी लाल कोटांच्या बँडकडे गेलो. तो ड्रमवाला गवतावर बसून बूट काढत होता. मी टोपी काढली आणि मला येते तेवढ्या इंग्रजीत माफी मागितली. त्याने हात झटकला, माझ्या पायांकडे बोट केले आणि काही बोलला. सुनेला तो काय म्हणाला ते विचारले.

"तुमचं पाऊल चौकानंतरही तेच होतं, म्हणतोय. त्याने लांबून ठोका ऐकला."

परतताना मोटार सून चालवत होती. काठीने तिचे तळवे सोलले होते, म्हणून ती बोटांच्या टोकांनी स्टिअरिंग धरत होती.

"ग्रुपवर मेसेज आलाय," ती म्हणाली. "पुढच्या रविवारपासून सराव चिटणीस घेणार. तुम्हाला विश्रांती."

"ठीक."

"आम्ही चौघींनी वेगळा मेसेज टाकला. आम्ही तुमच्याकडे येणार. आमच्यातली एक ड्रम शिकते म्हणते. सप्टेंबरनंतर कुणीतरी हवं ना."

"कोण?"

"मी."

मी म्हणालो, "सहा महिने फळीवर. ड्रमला हात नाही."

"माहीत आहे, बाबा. तुम्ही जेवताना टेबलावर बोटं वाजवता, ते मी दोन वर्षं ऐकतेय."

"हात बरे होऊ देत आधी."

"उद्या चालायला हात कशाला लागतात?"

घरी आल्यावर गुडघ्याला बर्फ लावला, जेवलो. क्रीडागृहाची जागा माझ्या नावावर नोंदलेली होती, कारण आठवड्यात दिवसा मोकळा असलेला मी एकटाच. सात वाजता व्यवस्थापकाला मेल लिहिली. उद्या रविवार, दहा ते बारा, मोठ्या हॉलऐवजी लहान हॉल द्यावा. माणसे पाच. सुनेकडून डच तपासून घेतले आणि पाठवून दिले.