पांढरी बाजू बाहेर

दिग्रसला दवाखाना सुरू करून दोन वर्षं झाली होती, तेव्हा माझ्याकडे मोटार आली. आली असंच म्हणायला हवं, कारण मी ती शोधायला गेले नव्हते. गावातल्या एका जिनिंगच्या मालकांनी नवी गाडी घेतली, आणि त्यांची जुनी, लढाईच्या आधीची, लांब नाकाची गडद हिरवी गाडी जिनाच्या आवारात छपराखाली उभी राहिली. त्यांच्या सुनेचं बाळंतपण मी केलं होतं, म्हणून माझं तिथं जाणंयेणं होतं. एकदा ते म्हणाले, "बाई, तुमी बंडीत बसून खेड्यापाड्यात जाता. ही गाडी घेऊन जा. अठी तिच्यात नुसती रुई साचून राह्यली." मी दार उघडून पाहिलं, तर मागच्या सीटवर खरोखरच कापसाचे तंतू बोटभर साचले होते. सौदा तिथंच उभ्या उभ्या झाला.

गाडीबरोबर तिचे ड्रायव्हरही आले. त्यांना कुणी पाठवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या पायरीवर पटका बांधलेले, साठीच्या आसपासचे एक गृहस्थ बसलेले दिसले. मला वाटलं, पेशंट असतील. ते उभे राहिले आणि म्हणाले, "नवी गाडी मालकाचा जावई चालवते. म्हून मी हिच्यासंगं आलो."

मी त्यांना काका म्हणू लागले. गावापासून चार कोसांवरच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावर त्यांचं घर होतं. त्यांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. वडील शेतीला लागले, आणि हे जिनात गाठी उचलता उचलता मोटार शिकले. घरी गोर बोली, माझ्याशी वऱ्हाडी आणि दुकानदारांशी हिंदी, अशा तीन भाषा ते बोलत. पण तिन्ही मिळून दिवसाकाठी फार शब्द होत नसत.

गाडीचं इंजिन ठणठणीत होतं. टायर मात्र गेलेले होते. काकांनी एका टायरच्या आत दुसऱ्या टायरचा तुकडा घालून तो चालता ठेवला होता, आणि दुसऱ्यातून आतला कापडी दोरा डोकावत होता. आम्ही दर आठवड्याला कुठेतरी सडकेवर बसलेले असायचो. काका ट्यूबला ठिगळ लावायचे आणि मी मैलाच्या दगडावर छत्री उघडून वाट पाहायचे.

एकदा एका खेड्यात बाळंतपणासाठी बोलावणं आलं. पहिलटकरीण होती. आम्ही लगेच निघालो, आणि जाताना दोनदा पंक्चर झालं. पोहोचलो तेव्हा घरातून लहान बाळाचं रडणं ऐकू येत होतं. ते घर तीन-चार वर्षांपूर्वीच बौद्ध झालेलं, अंगण शेणानं स्वच्छ सारवलेलं. बाळाची आजी दारातच उभी होती. मी धापा टाकत आत गेले, आईला तपासलं, बाळाला तपासलं. दोघंही छान होती. त्या आजींनी सगळं काम अगदी नीट केलं होतं, नाळसुद्धा उकळलेल्या पात्यानं कापली होती.

मी माफी मागायला लागले, तर त्या म्हणाल्या, "राहू द्या बाई. पोट्ट्याले घाई होती." मग त्यांनी मला चहा दिला आणि गाडीकडे बघत विचारलं, "हे एवढं मोठं धूड बंडीहून उशिरा कसं काय पोचलं?"

चहा गोड होता, पण मला तो नीट प्यायला झाला नाही. परत येताना मी काकांना म्हटलं, "या सोमवारी दवाखाना बंद ठेवू. यवतमाळला जाऊन चारही टायर घेऊ."

"चारी?" त्यांनी विचारलं. मग ते गाडी एकदम हलक्या हातानं चालवू लागले. ते खूश झाले की असंच चालवत.

यवतमाळला कापसाच्या बाजाराजवळ टायरचं एक जुनं दुकान होतं. दुकानदार वयानं म्हातारा, डोळ्यांना जाड भिंगं. त्यानं बाहेर येऊन आमच्या चाकांचं माप पाहिलं आणि मान हलवली. "सहा-सोळा. या मापाचे आता दोनच माल आहेत माझ्यापाशी. एक जीपचा. आणि एक..." त्यानं वर माळ्याकडे पाहिलं. "तो दाखवतो."

जीपचे टायर समोरच रचलेले होते. काळेकुळकुळीत, नवेकोरे, वर मुठीएवढ्या गोट्यांची नक्षी. चिखलात हे कुठंही अडणार नाहीत हे मलाही कळत होतं. मी मनात तेच ठरवून टाकलं.

दुसरे चार माळ्यावर गोणपाटात गुंडाळून ठेवलेले होते. ते खाली उतरवून सोडले, तेव्हा मला वाटलं काहीतरी बिघडलंय. प्रत्येक टायरच्या एका कडेवर निळसर, मळकट रंगाचा चार बोटं रुंद पट्टा होता. दुकानदारानं ओलं फडकं घेतलं, साबण लावला आणि एका जागी घासलं. निळा थर निघाला आणि खालून दुधासारखं पांढरं रबर दिसलं.

"परदेशी माल," तो म्हणाला. "एका व्यापाऱ्यानं मागवले होते. टायर यायच्या आधी त्यानं गाडीच विकून टाकली. आता असा माल येणं बंद झालं."

काका खाली बसले. त्यांनी एक टायर उभा केला, नख रुतवून पाहिलं, कड वाकवून उजेडात धरली, भेगा आहेत का ते बोट फिरवून तपासलं, आणि शेवटी वाससुद्धा घेतला. एक झाला की दुसरा. चौथ्याला पोहोचायला अर्धा तास लागला. दुकानदारानं मला स्टूल दिलं.

"माल ताजा हाये," काका म्हणाले. "उन्ह लागलं नाई याले."

"पण काका, आपल्याकडची काळी माती. पहिल्याच दिवशी हे काळे होतील. जीपचे घेऊ या."

ते उठले, गाडीत बसले आणि स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला फिरवलं. मग खिशातून सुतळी काढून चाक आणि मडगार्ड यांच्यामधली जागा मोजली, तीच सुतळी जीपच्या टायरला लावली, आणि मला दाखवली. "पूर्ण वळणावर घासते. अन् हे कडक हायेत. मांगं बाळंतीण झोपली असली तं तिचे हाल होतीन."

मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "काका, खरं सांगा. जीपचे बसतच नाहीत, की तुम्हाला हे पांढरे आवडलेत?"

त्यांनी हात पटक्याच्या शेवाला पुसले. "दोन्ही खरं हाये, बाई." मग म्हणाले, "गाडी नवी आलती तवा तिले असेच टायर होते. मी रोज सकाळी धुत होतो. लढाईत ते झिजले, मंग काळे आले. तवापासून गाडी मले अनवाणी वाटते."

त्यांच्या तोंडून एका दमात इतकं मी पहिल्यांदाच ऐकलं. सुतळीचं मापही खरं होतं, मी स्वतः पाहिलं होतं. म्हणून पांढरे घ्यायचं ठरलं. पण माझ्या डोक्यात आणखी एक गोष्ट होती. मी एकटी बाई, तिशीही न ओलांडलेली, कापसाच्या बाजारगावात डॉक्टरकी करते. मोटारच आधी लोकांच्या डोळ्यांवर आली होती. त्यात असली नटवी चाकं. मी विचारलं, "पांढरी बाजू आत करून बसवता येते का?"

दुकानदारानं भिंगांवरून काकांकडे पाहिलं. "येते की. पण मग पांढरे कशाला घ्यायचे?"

"रबर चांगलं आहे म्हणून."

"जशी तुमची मर्जी," काका म्हणाले. दुकानातल्या माणसानं चारही टायर पांढरी बाजू आत करून चढवले. काका तोवर समोरच्या झाडाखाली पाठ करून बसले होते.

नव्या टायरांवर गाडी अशी निघाली की मला आधी ती चालतेय हेच कळेना. सडकेचे खड्डे तेच होते, पण आता ते फक्त दिसत होते. मी दोन-तीनदा म्हटलं, "छान चालतेय नाही?" काका "हो" म्हणाले. तेवढंच.

दारव्ह्याला चहासाठी थांबलो. काका हॉटेलात गेले आणि मी पाय मोकळे करत गाडीभोवती फिरले. माझ्या हातातला रुमाल उडून गाडीखाली गेला. तो काढायला वाकले, तर आतल्या बाजूची चारही पांढरी कडी दिसली. तासाभराच्या प्रवासात निळा रंग जागोजाग उडाला होता आणि खालचं पांढरं उघडं पडलं होतं. गाडीच्या सावलीत एक कुत्रं बसलं होतं. त्या जागेवरून ते सौंदर्य फक्त त्यालाच दिसत होतं.

मला माझंच हसू आलं. अंगावर माझ्या पांढरं सुती पातळ होतं. डॉक्टर होऊन दिग्रसला निघाले तेव्हा आई म्हणाली होती, रंगीत पातळं ने, तिकडे काळी माती आहे, डाग पडतील. मी पांढरीच नेली. पांढऱ्यावर मळ दिसतो आणि दिसला की धुता येतो, असं मी तिला ऐटीत सांगितलं होतं. ती मी, चार टायरांना घाबरले होते.

काका चहाचे कप घेऊन आले. मी म्हटलं, "काका, हे उलटे करता येतील का? पांढरी बाजू बाहेर?"

त्यांनी कप बॉनेटवर ठेवले. "घरी जाऊन?"

"इथंच करता आलं तर बघा."

त्यांनी चहा घेतला नाही. डिकीतून जॅक काढला, टायर उचकायच्या दोन लोखंडी टाम्या काढल्या आणि पटका सोडून बाजूला ठेवला. शेजारच्या सायकलच्या दुकानातून मोठा पंप मागून आणला. दुपारची वेळ होती. एकेक चाक काढायचं, हवा सोडायची, टायर उचकून उलटा चढवायचा, पुन्हा हवा भरायची. पहिल्या चाकाची हवा काकांनी भरली आणि ते घामाघूम झाले. दुसऱ्याला मी पंप हातात घेतला.

"बाई, तुमी कायले?"

"तुम्ही टायर चढवा. हवा मी भरते."

पदर कमरेला खोचून मी पंप मारू लागले. हळूहळू माणसं जमली. कुणीतरी विचारलं, "डाग्दरीनबाई हायेत का ह्या?" सायकलच्या दुकानदारानं सांगितलं, "हो. अन् दम पाह्य त्यायचा." एका शेतकऱ्यानं पुढे होऊन तिसऱ्या चाकाला हात लावला. चौथं होईपर्यंत ऊन उतरलं होतं आणि माझ्या पातळावर दहा बोटांचे काळे ठसे होते. हॉटेलवाल्यानं बादलीभर पाणी आणि साबणाची वडी आणून दिली. काकांनी उकिडवं बसून एकेक पट्टा धुतला. सगळे झाल्यावर ते रस्त्यापलीकडे गेले आणि तिथून गाडीकडे पाहत राहिले. मी त्यांना हाक मारली नाही.

गावात व्हायची ती बोलणी झाली. आमच्या समोर राहणारे वकील म्हणाले, "बाई, लग्नाची गाडी वाटते." मी म्हटलं, "बाळंतिणी खुशीनं बसतील." चार दिवसांनी तो विषयही संपला. काका मात्र रोज सकाळी चाकं धुवायचे. पावसाळ्यात काळी माती पट्ट्यांना लापशीसारखी चिकटायची, तेव्हा नारळाच्या काथ्यानं घासायचे.

त्या पट्ट्यांचा असा उपयोग होईल, हे आमच्या दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. सपाट मुलखात ते फार लांबून दिसत. कापसाच्या दिवसांत बाजाराकडे जाणाऱ्या बंड्यांची रांग लागलेली असायची. गाडीवान मागं वळून बघायचे आणि बैल बाजूला घ्यायचे. हॉर्न वाजवायची वेळच यायची नाही.

त्याच हंगामात एकदा पुसदहून परत येत होतो. एक बाई वावरातून धावत सडकेवर आली आणि दोन्ही हात पसरून उभी राहिली. कमरेला वेचलेल्या कापसाची ओटी तशीच होती.

"पांढऱ्या चाकाची गाडी पाह्यली म्हून धावली," ती म्हणाली. "माही सून वावरात हाये. तिले कळा सुरू झाल्या."

बाभळीखाली एक कोवळी पोर दात आवळून बसली होती. बाळ आडवं होतं. घरी किंवा वावरात ते निभावलं नसतं. तिला मागच्या सीटवर निजवलं, सासूनं तिचं डोकं मांडीवर घेतलं, आणि काकांनी गाडी अशी नेली की त्या पोरीनं वाटेत एकदाच हूं केलं. दवाखान्यात बाळ वळवायला मला घाम फुटला, पण दिवस मावळायच्या आत तिला मुलगी झाली. बाहेर येऊन मी काकांना सांगितलं, तेव्हा ते सीट पुसत होते. "टायर नरम हायेत म्हून," एवढंच ते म्हणाले आणि पुसत राहिले.

ते टायर चार वर्षं टिकले. मग तसले मिळाले नाहीत आणि साधे काळे आले, त्याचं काकांना वाईट वाटलं असणार. मी त्या सुमारास गाडी चालवायला शिकत होते. काकांना चष्मा लागला होता आणि संध्याकाळी त्यांना नीट दिसत नसे. ते शेजारी बसून "गिअर बदला" आणि "घाई नाई" एवढे दोनच धडे देत. एका रविवारी मी त्यांना त्यांच्या तांड्यावर पोहोचवायला गेले. स्टिअरिंग माझ्या हातात. तांड्यातल्या बायका घागऱ्यांचे घोळ सावरत गाडीभोवती जमल्या आणि आपसात काहीतरी बोलून हसल्या. मी काकांना विचारलं, त्या काय म्हणतात.

"त्या म्हनतात," काका उतरता उतरता म्हणाले, "म्हातारा साहेब झाला."