कलणं वेगळं, कलंडणं वेगळं

आमच्या दादाला बंदरावरचा सगळा धक्का तिरके मास्तर म्हणायचा. तोंडावर नाही, पण पाठ वळली की हमखास. लोकांना शिडाची होडी चालवायला शिकवणं हा त्याचा धंदा, विसाव्या वर्षापासूनचा. शिडात वारा भरला की होडी एका बाजूला कलते. मग शिकवणाऱ्याने वर उचलल्या गेलेल्या कडेवर बसायचं, अंग बाहेर टाकायचं आणि तिला तोलून धरायचं. रोज रोज असं बसून माणसाचा कणा तरी किती दिवस सरळ राहणार? दादा बसमध्ये डावीकडे तिरका, न्हाव्याच्या खुर्चीत तिरका, लग्नाच्या फोटोतही तिरका. त्या फोटोत वहिनी शेजारी इतकी ताठ उभी आहे, की बघणाऱ्याला वाटावं हा तिला टाळतोय.

मी त्याची धाकटी बहीण. धक्क्यावरच्या शेडमध्ये वरच्या खोलीत शिडं शिवते, फाटलेली सांधते. लग्न केलं नाही. का, ते विचारू नका, मी सांगणार नाही. दादा आणि वहिनीच्या घरातच राहत आले. माझी जीभ जरा धारेची, म्हणून दादाने माझं नाव सुई ठेवलं आणि मग जगाने तेच उचललं.

दादाचा पहिला धडा जमिनीवरच व्हायचा. नव्या लोकांना ओळीने बाकावर बसवायचा आणि विचारायचा, "होडी कलली तर काय कराल?"

"हातातला दोर घट्ट धरू!"

"मग गेलात कामातून. बायकापोरांना आधीच सांगून ठेवा."

लोक हसायचे आणि दादा समजावायचा. त्या दोराने शीड ओढून धरलेलं असतं. दोर सैल सोडला की वारा निसटतो, आणि होडीच्या तळाशी शिशाचं वजन असतं ते तिला आपोआप सरळ करतं. पण माणूस घाबरला की त्याची मूठ आवळते. "मी तुम्हाला होडी शिकवत नाही," तो म्हणायचा, "मूठ सोडायला शिकवतो. आणि एक लक्षात ठेवा, कलणं वेगळं, कलंडणं वेगळं. कलल्याशिवाय ती जोरात पळणार नाही."

कुणीतरी विचारायचंच, "पण जास्त कलली हे कळायचं कसं?"

"होडीत बसलेल्याला नाही कळत. थोड्या वेळाने तिरकं तेच सरळ वाटायला लागतं. काठावरच्याला कळतं." मग तो माझ्या खिडकीकडे बोट करायचा. "ती बसलीय ना वर, सुई, ती ओरडेल."

आणि मी ओरडायचेही. मशीन थांबवून खिडकीतून असा आवाज द्यायचे की लांबचे कोळीसुद्धा वळून बघायचे. "दादाऽ, फार झालं!" दादा हात वर करायचा, दोर सुटायचा, होडी हळूच सरळ व्हायची.

घरी मात्र मी ओरडायचे ते वेगळ्या कारणासाठी. जेवताना हा टेबलाशी तिरका, ताटातली आमटी याच्या शर्टावर. "सरळ बस रे, जमिनीवर आहेस!" तो मुद्दाम आणखी कलायचा. मग मी कपाळावर हात मारून म्हणायचे, "जित्याची खोड!" आणि वहिनी स्वयंपाकघरातून म्हण पुरी करायची, "मेल्याशिवाय जायची नाही!" आमच्या घरात हा खेळ रोजचा. मेली ती म्हण. तिचा अर्थ काय, हे आम्ही कधी ऐकलंच नाही.

तो रविवार होता. दुपारी अडीच वाजता, जेवणं झाल्यावर, दादा खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता. मी समोर एका शिडाची शिवण उसवत बसले होते. मान वर केली तर हा डावीकडे कललेला. नेहमीपेक्षा जास्त, खुर्चीच्या हातावर अगदी रेललेला. मी म्हटलं, "काय मास्तर, वारा फार आहे वाटतं आज?" तो काहीतरी बोलला. शब्द जड होते, जेवणावरची सुस्ती असेल असं वाटलं. मी म्हणाले, "जित्याची खोड." आतून वहिनीने म्हण पुरी केली. आणि मी खाली मान घालून शिवण उसवत राहिले, मग आत जाऊन तासभर आडवी झाले.

साडेपाचला तो खुर्चीतून खाली पडला.

दवाखान्यात डॉक्टरांनी डोक्याचे फोटो काढले. म्हणाले, मेंदूत रक्ताची गाठ अडकलीय, डावी बाजू गेलीय. "पण हे आत्ताचं नाही, काही तास झालेत. गाठ विरघळवायच्या औषधाची वेळ आता निघून गेली. आधी काही दिसलं होतं का? एका बाजूला झुकणं, बोलताना अडखळणं?"

वहिनी माझ्या शेजारीच उभी होती.

"नाही," मी म्हणाले.

तो एक शब्द. एरवी माझ्या तोंडाला खळ नसतो, आणि त्या दिवशी एवढंच निघालं.

पुढचे सात महिने दादा घरीच होता. व्यायाम करून घ्यायला एक बाई यायच्या. त्याला पलंगाच्या कडेवर बसवलं की तो डावीकडे जायचा. सरळ करायला गेलं की उजव्या हाताने सगळा जोर लावून आम्हालाच ढकलायचा आणि घाबरून म्हणायचा, "पाडताय मला! पाडताय!" बाई म्हणाल्या, "त्यांना तिरकं तेच सरळ वाटतंय. आपण सरळ केलं की त्यांना वाटतं आपण पडतोय." मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि तोंडात पदर कोंबून रडले. हे मला शिकवायची गरज नव्हती हो. शेडमधल्या त्या बाकांवर बसलेल्या शेकडो लोकांबरोबर मी ते ऐकलं होतं. काठावरची मी होते. बघणं माझं काम होतं.

सात महिन्यांनी छातीत कफ झाला आणि दादा गेला.

त्यानंतर वहिनी आणि मी, दोघीच. ती दोन चपात्या जास्त करायची आणि दोघींपैकी कुणी त्यांना हात लावायचं नाही. रात्री झोपताना ठरवायचे, उद्या सांगायचं. सकाळी तिचं तोंड बघितलं की अवसान गळायचं. सांगितलं तर ही मला उंबऱ्यात उभी करणार नाही. का करावं तिने? तिचा नवरा माझ्या डोळ्यांसमोर मरत होता आणि मी विनोद करत होते. हे घर सुटलं तर माझं जगात दुसरं कोण होतं? वर्षभर असं चाललं. माझं वजन उतरलं, शिवण वाकडी जायला लागली. एका शिडाची बाजू मी दोनदा उलटी शिवली.

एका सकाळी वहिनी भाजी चिरत होती. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं एका दमात ओकून टाकलं. अडीच वाजता तो कसा बसला होता, शब्द कसे जड येत होते, मी काय बोलले, डॉक्टरांना काय सांगितलं. "घालव मला घरातून, वहिनी. मी शब्दाने बोलणार नाही."

तिने विळी बाजूला सरकवली. मग म्हणाली, "पेला कसा फुटला, हे तू मला कधी विचारलंच नाहीस."

"कुठला पेला?"

"त्या दुपारी तू तासभर आडवी झाली होतीस ना, तेव्हा मी ह्यांना पाणी द्यायला गेले. डाव्या हातात पेला दिला. हातातून सुटला आणि फुटला. हे त्या हाताकडे बघतच राहिले, जणू कुणा दुसऱ्याचाच हात आहे. आणि मी काय केलं? ओरडले. म्हटलं, जरा सरळ बसलात तर पेले तरी वाचतील घरातले. काचा गोळा केल्या, फरशी पुसली आणि आत निघून गेले." ती चिरलेली भाजी उगाच सारखी करत राहिली. "डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तू नाही म्हणालीस ना सुई, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं गं. देवा, मला बरं वाटलं."

मी तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला नाही.

"मला वाटत होतं," ती म्हणाली, "तुला कळलं तर तू हे घर सोडून जाशील."