कमानीतली जादा पट्टी

आमची गाडी मागून बसली होती, हे अख्ख्या रोह्याला माहीत होतं. वडिलांना ते एका मे महिन्यात कळलं.

गाडी आजोबांची. देश स्वतंत्र झाल्यावर चंबूगबाळं आवरून निघालेल्या एका साहेबाकडून घेतलेली. साहेब विलायतेला सुखरूप पोचला असेल. गाडी मात्र पेणच्या पुढे कधी धडपणे गेली नाही. तिचं खरं काम वर्षातून एकदाच, चतुर्थीच्या आधी सगळ्यांना घेऊन पेणच्या कारखान्यातून गणपती आणायचा. वडील, आई, मी आणि पनवेलहून मुद्दाम आलेला धाकटा काका, काकू, त्यांची पोरं. मूर्ती काकाच्या मांडीवर. भाऊ परगावी राहिला तरी गणपती दोघांचा एकच, याचा वडिलांना फार अभिमान होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते हे सांगत, त्यानं विचारलं नसलं तरी.

त्या मे महिन्यात काका आला आणि आमरस वाढून घेता घेता म्हणाला, "दादा, यंदा आम्हाला धरू नकोस. तुझी गाडी मागून पार बसलीय. गेल्या वेळी हिची कंबर धरली ती दिवाळीपर्यंत सुटली नाही. आम्ही आपला तिकडेच लहानसा गणपती आणू म्हणतो."

आईनं माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघींना काय कळायचं ते कळलं. वडिलांना एवढंच कळलं की गाडी दुरुस्त करायला हवी. वर्गात पोरांचं खोटं चेहऱ्यावरून ओळखणारे आमचे मास्तर सख्ख्या भावाच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवत.

दुसऱ्या दिवशी ते पूल ओलांडून पलीकडच्या अष्टमी गावातल्या लोहाराकडे गेले. मीही बरोबर होते. लोहारानं मागची चाकं काढली, धक्के झेलणाऱ्या कमानपट्ट्यांचा जुडगा सोडवला आणि एकेक पट्टी जमिनीवर मांडली. कधीकाळी धनुष्यासारख्या असलेल्या त्या पट्ट्या फूटपट्टीसारख्या सरळ झाल्या होत्या. त्यानं त्या भट्टीत लाल केल्या, ऐरणीवर ठोकून बाक दिला, तेलात बुडवल्या. मग विचारलं, "मास्तर, मागं मानसं किती बसनार?"

"सगळी," वडील म्हणाले.

"मंग एक पट्टी जादा टाकतो. पन गाडी रिकामी असंल तं मागनं वर दिसंल, हां. मंग माज्या नावानं बोंबलू नका."

"रिकामी असणारच नाही," वडील म्हणाले. वर काकाला निरोपही धाडला, की गाडी आता ठणठणीत आहे, या. काकाचं उत्तर आलं, "बघतो." वडिलांनी त्याचा अर्थ 'येतो' असा लावला आणि मागच्या सीटला नवं कव्हर शिवून घेतलं.

काका आला नाही. चतुर्थीच्या तयारीसाठी आई घरी थांबली. पेणला गेलो ते आम्ही दोघंच. गाडीचा मागचा भाग इतका वर, की उतारावर असल्यासारखं वाटत होतं.

कारखान्यात आमची मूर्ती तयार होती. आम्ही मूर्ती सांगताना घरचा पाट आधीच देऊन ठेवतो, त्याच काळपटलेल्या पाटावर ती बसली होती. मालकानं विचारलं, "मास्तर, धाकल्या भावाचा पन नेताय काय? तो बगा शेजारी. त्यांनी तं शिमग्यालाच पाट आनून दिलाय."

कोरा करकरीत पाट होता. शिमग्याला. म्हणजे आमरसाच्या कितीतरी आधी. मला काकाचा असा संताप आला, की तो पाट उचलून आपटावासा वाटला.

वडिलांनी तो पाट पाहिला. मग म्हणाले, "नाही. त्याचा तो नेईल." आणि आमच्या मूर्तीच्या तोंडावर रुमाल टाकला.

येताना मी मागे बसले. मूर्ती पुढे घसरत होती, मी दोन्ही हातांनी धरून होते. वाटेत निडी गाव मागे पडलं. तेव्हा वडील आरशात न बघता म्हणाले, "आता धक्के अजिबात बसत नाहीत, नाही?"

"नाही," मी म्हटलं. खरं तर माझी हाडं खिळखिळी झाली होती.

दिवाळीनंतर लोहार वाटेत भेटला. मागून वर उचललेल्या गाडीकडे बघून हसला आणि म्हणाला, "मास्तर, आना उंद्या. ती जादाची पट्टी काडून टाकू."

वडिलांनी गाडीच्या मागच्या काचेवरची धूळ हातानं पुसली. "राहू दे," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी आला, तर सगळी बसायची कशी?"