न बघता मारलेली गाठ

गाठमावशी गाठीकडे कधी बघत नसे. सूत तुटलं की तिचे हात बरोबर दोन टोकांवर जायचे, अंगठा एकदा फिरायचा आणि तांदळाच्या कणीएवढी गाठ बसलेली असायची. मान मात्र वर, छपराच्या काचांकडे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, काय बाई हिचा तोरा! नंतर कळलं की तिला दिसतच नव्हतं. उजेड कुठे नि अंधार कुठे, एवढंच काय ते उरलं होतं. सोलापूरच्या त्या मिलमध्ये, आमच्या सूत गुंडाळायच्या खात्यात, सगळ्या बायकांना हे ठाऊक होतं. साहेबाला नव्हतं. आणि त्या पहिल्या दिवशी मला नव्हतं.

नवी बाई आली की शिकवायला तिच्याच हाताखाली. मी गेले तेव्हा एकवीस वर्षांची होते. नवरा छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळलेला, घरात दुसरं कमावणारं कुणी नाही. ही नोकरी टिकली तर चूल पेटणार होती. मावशीनं माझा हात धरून यंत्राच्या लोखंडावर टेकवला. "पाया पड. आजपासनं हीच तुजी आई." मग पहिलं तुटलेलं सूत तिनं माझ्या मनगटाला, बांगड्यांच्या वर बांधलं. प्रत्येक नवीला ती ते बांधायची, आणि संध्याकाळच्या भोंग्यापर्यंत सोडू द्यायची नाही.

"आनि ध्येनात ठेव," ती म्हणाली, "पयल्या दिशी हात चालवायचा, त्वांड न्हाय."

हे मला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी! आई म्हणायचीच, या पोरीच्या तोंडात तीळ भिजत नाही.

मावशी डोळे मिटायला लावून शिकवायची. "डोळं फसवत्यात, बोटं न्हाय." मला तो खेळच वाटला. माझी गाठ ती चिमटीत धरून बघायची आणि हसायची, "ही गाठ हाय का ढेकूळ? सोड, पुन्यांदा मार." शेजारच्या यंत्रावर यल्लव्वा होती. मावशीची सूत गुंडाळलेल्या बॉबिनांची टोपली जरा कुणाच्या धक्क्यानं सरकली की ती गुपचूप होती तिथे ठेवायची. मी मनात म्हटलं, किती ही टापटीप! दुपारी मावशीनं आपल्या भाकरीवरची शेंगांची चटणी निम्मी मला दिली. "खा. जमतंय तुला. लई नीट हात हाय तुजा."

तिसऱ्या प्रहरी साहेब फेरीवर आला. माझ्या गाठी त्यानं उजेडात धरून पाहिल्या. "पहिल्याच दिवशी? छान," म्हणाला. मी अशी फुलून गेले! तिथंच गप्प बसले असते तर काय बिघडत होतं? पण मला वाटलं, कौतुक एकटीनं कसं घ्यायचं, शिकवलं तिनं. तिचं भलंच करायला गेले हो मी.

"माझं काय घेऊन बसलात साहेब! मावशीचे हात बघा की. ती तर सुताकडे बघतसुद्धा नाही!"

यल्लव्वानं माझ्या पायावर पाय दिला. मी पाय सोडवून घेतला आणि पुन्हा म्हटलं, "खरंच, छपराकडे तोंड करून मारते!"

साहेब मावशीसमोर जाऊन उभा राहिला. एक लाल आणि एक हिरवी बॉबिन तिच्यापुढे धरून म्हणाला, "यातली हिरवी दे."

मावशीनं दोन्ही चाचपल्या. रंगाला काय चाचपणार? जरा वेळानं तिनं हात खाली घेतले. "साएब, हातास्नी इचारा काय ते. डोळ्यांस्नी नगा इचारू."

साहेब दुष्ट नव्हता. हळूच म्हणाला, "यंत्राच्या पट्ट्यात हात गेला तर, बाई? उद्यापासून येऊ नका."

ती रडली नाही, पाया पडली नाही. भाकरीचं फडकं काखेत घेतलं आणि यंत्र चाचपत निघाली. माझ्यापाशी आली तेव्हा तिनं माझं मनगट धरलं. सूत आहे का ते बोटांनी पाहिलं. "भोंगा होईस्तवर सोडू नगंस," म्हणाली.

घरी नवऱ्यानं विचारलं, कसा गेला पहिला दिवस? मी म्हटलं, चांगला गेला. दुसऱ्या दिवशी मावशीचं यंत्र मला मिळालं. यल्लव्वा माझ्याशी चार महिने बोलली नाही.

मावशी मात्र रोज सकाळच्या भोंग्याला फाटकापाशी यायची आणि भिंतीला टेकून बसायची. घरी बसवत न्हाय, असं यल्लव्वाला सांगायची. मी बांगड्या मुठीत धरून, पाय न वाजवता तिच्यासमोरून आत जायची. तिला दिसत नाही, हे मी माझ्या सोयीला वापरलं. लाज वाटते सांगायला, पण खोटं कशाला सांगू?

एका सकाळी एक बांगडी मुठीतून निसटून वाजली.

"कोन, नवी का गं?" मावशीनं मान वर केली. "हात चालतोय न्हवं तुजा?"

मी दोन पावलांवर उभी होते. एवढी बडबडी मी, आणि मी बांगड्या पुन्हा मुठीत आवळल्या. ती उत्तराची वाट बघत होती, तोंड माझ्याकडे नाही, जरा बाजूला. दुसरा भोंगा झाला आणि मी आत पळाले.

पुढच्या आठवड्यापासून ती फाटकाशी आली नाही. मावशी वारली, एवढंच यल्लव्वा चार महिन्यांनी माझ्याशी बोलली, आणि आपल्या यंत्राकडे वळली. नको तेव्हा मी बोलले होते. आणि तिनं हाक मारून विचारलं तेव्हा "व्हय मावशी, मीच" एवढंसुद्धा मला म्हणता आलं नाही.